चौतीस धडे आणि एक काळा लॅपटॉप

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

चौतीस धडे गेले. हे कागदावर लिहिते आहे, कारण मशीनवर आता काडीचा विश्वास उरलेला नाही.

सकाळी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर काहीच नाही. फोल्डर नाही, फोटो नाहीत, मी ठेवलेलं चित्रसुद्धा नाही. वर आणि 'स्वागत आहे' म्हणतो. सहा वर्षं मी त्याला वापरते आहे आणि तो माझं स्वागत करतोय!

मानखुर्दच्या दहा बायका. कोणी शाळेत गेलेलीच नाही, कोणी दुसरीतून काढलेली. दोन वर्षं दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये मी त्यांना वाचायला शिकवते आहे. बाजारातली पुस्तकं साठ वर्षांच्या बाईला बदक आणि ससा शिकवतात, म्हणून मी त्यांचंच बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्यांच्याच वाक्यांचे धडे केले. चौदा महिने लागले. फोन भरला म्हणून रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकली आणि फोनवरून पुसली. म्हणजे तीही गेली. पहिल्या चार धड्यांच्या झेरॉक्स तेवढ्या वर्गात वाटलेल्या आहेत.

श्याम मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, अपडेटने खाल्लं असणार. उद्यापासून ह्या जुन्या सिस्टिमला कंपनी वाऱ्यावर सोडणार आहे, जाता जाता असले घोळ होतात. मी म्हटलं, घोळ? त्यावर तो चहा टाकायला गेला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण सकाळचा दुसरा चहा त्याने टाकल्याचं आठवत नाही. माझी अवस्था बघून घाबरला असेल.

कालपर्यंत सगळं धडधाकट होतं, हे मी शपथेवर सांगेन. काल मी वर्गावरून आले तेव्हा श्यामने लॅपटॉप छान पुसून ठेवला होता, कीबोर्डमधले बिस्किटाचे कणसुद्धा काढले होते. मी उघडायला गेले तर म्हणाला, चार्ज होतोय, आज राहू दे. राहू दिला आणि रात्रीत कंपनीने डाव साधला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं. श्याम म्हणाला, पाठवू नकोस, काय उपयोग, तुझंच रक्त आटेल. आयुष्यभर बँकेच्या संगणक विभागात काढलेला माणूस. अर्धं मुलुंड बिघडलेला प्रिंटर घेऊन त्याच्याकडे येतं आणि बायकोचं चौदा महिन्यांचं काम बुडाल्यावर हा म्हणतो, काय उपयोग. त्याच्या शांतपणाचा मला संताप येतो.

पत्र पाठवलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

उत्तर आलं. इंग्रजीत, दोन ओळी. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. खाली पाच चांदण्या, किती समाधानी आहात ते सांगा.

रविवार, १९ ऑक्टोबर

वर्गात सांगितलं. दोन दिवसांवर लक्ष्मीपूजन, तरी दहापैकी नऊ जणी आल्या होत्या. जया म्हणाली, जाऊ दे बाई, परत करू. शकुताई मात्र उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

शकुताई साठीच्या आहेत, मूळच्या जालन्याकडच्या. तीस वर्षं अंधेरीच्या एका ऑफिसात साफसफाई केली. एकोणिसावा धडा त्यांचा होता. बहात्तरच्या दुष्काळात त्या सात वर्षांच्या होत्या आणि मोठी बहीण कौसा अकरा. दोघी खडी फोडायच्या कामावर होत्या. कौसा तिथेच गेली. तिचा फोटो नाही, दाखला नाही, कुठल्या कागदावर नाव नाही. जगात तिचं नाव लिहिलेलं होतं ते फक्त माझ्या एकोणिसाव्या धड्यात. ते सांगायला शकुताईंनी सात महिने घेतले होते आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या होत्या, "एकदाच सांगितलं. परत नाय सांगनार."

आज म्हणाल्या, "तुमी आमचं बोलनं नेलं आन् सांभाळलं नाय."

मी कंपनीचं सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, की एक एक कागद आमच्या घरी का नव्हता? ह्याचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नव्हतं, आणि वर्ग संपायची वेळ झाली होती. हॉल सहाला रिकामा करून द्यावा लागतो.

शकुताईंना न्यायला त्यांची मुलगी तेजल आली होती. घाटकोपरला तिचा गाळा आहे, कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप आणून दुरुस्त करून विकते. तिने एवढंच म्हटलं, "मॅडम, त्या कंपनीची सिस्टिम सोडा, लिनक्स टाका. फुकट असतं, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय काही करत नाही."

तुम्ही सांगितल्याशिवाय काही करत नाही. घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यात होतं.

सोमवार, २० ऑक्टोबर

श्यामला म्हटलं, जुन्या लॅपटॉपवरच लिनक्स टाकते. तो एकदम म्हणाला, नको, त्याला हात लावू नकोस, त्यात माझी बँकेची कामं आहेत. त्याची कामं त्यात कधीपासून? परवाच तर सगळं उडालंय.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळल्यावर श्यामने ताटात लॅपटॉप ठेवला. नवा, चंदेरी, पापडासारखा पातळ. सिस्टिम त्याच कंपनीची. सगळं तयार करून आणलेलं होतं: त्याचा ईमेल, त्याचा पासवर्ड, कोपऱ्यात त्याने निवडलेलं कमळाचं चित्र. "तुला काहीच करायचं नाही, फक्त उघड आणि लिही."

मी आनंदी व्हायला हवं होतं. शेजारच्या जान्हवीला तिच्या नवऱ्याने फ्रायपॅन दिला. पण माझ्या पायापासून डोक्यापर्यंत असा राग गेला, की ताटातली सुपारी हातात घट्ट धरून बसले. म्हटलं, मला हा नको, परत कर. तो म्हणाला, तुझ्यासाठीच करतोय ना मी सगळं? मी म्हटलं, मी सांगितलं होतं का?

जेवायला बसलो. त्याचा चेहरा पडला होता. एवढ्या चांगल्या माणसाला मी का डाफरते तेच कळत नाही. कंपनीवरचा राग त्याच्यावर निघतो आहे. हे थांबवायला हवं.

शनिवार, १ नोव्हेंबर

मी माझ्या पसंतीचा दुसरा लॅपटॉप घेणार आहे, म्हणून तेजलने एक पेनड्राइव्ह दिला आहे. त्यात अख्खं लिनक्स आहे. लॅपटॉपला लावून त्यावरूनच चालू करायचं. मशीनमधलं काही पुसलं जात नाही आणि घेण्याआधी कळतं की वायफाय, आवाज, कॅमेरा चालतो की नाही. ती म्हणाली, न बघता घ्यायचं नाही.

तो घेऊन स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात गेले. विक्रेता टाय लावलेला. मी सांगितलं, हा पेनड्राइव्ह लावून बघायचाय. त्याने माझ्याकडे आणि पेनड्राइव्हकडे असं पाहिलं, की मी जणू डब्यात झुरळ आणलंय. वॉरंटी जाईल म्हणाला. मी म्हटलं, नुसता चालू केल्याने वॉरंटी कशी जाईल, मला लेखी दाखवा. त्यावर त्याने विचारलं, "सर नाही आले का? सरांना घेऊन या ना, त्यांना समजावून सांगतो."

सव्वीस वर्षं महापालिकेच्या शाळेत सत्तर सत्तर पोरांचे वर्ग घेतलेत मी. तो आवाज मी आज बऱ्याच दिवसांनी काढला. म्हटलं, सर घरी आहेत आणि त्यांना हे वापरायचं नाही. मला वापरायचंय, मला समजावा. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. त्याने समजावलं नाही. मॅनेजरला बोलावलं, आणि मॅनेजरने मला पाण्याचा ग्लास दिला.

रविवार, २ नोव्हेंबर

वर्गाआधी घाटकोपरच्या दोन दुकानांत गेले. एकाने पेनड्राइव्ह लावू दिला, पण लिनक्सला वायफायच दिसेना. दुकानदार म्हणाला, बघा, फुकटचं ते फुकटचंच. तेजलला फोन केला. ती म्हणाली, दोष लिनक्सचा नाही, त्या लॅपटॉपमधली वायफायची चिप त्याच्याशी बोलत नाही. काही चिपवाले स्वतःची माहिती उघड करत नाहीत, मग ह्यांनी बोलायचं कसं? म्हणून चिप कुठली ते आधी विचारायचं. दुसऱ्या दुकानात मी चिप विचारली. तिथल्या माणसाने खोक्यावर बघून सांगितलं, "सिल्व्हर."

वर्गाला शकुताई आल्या नाहीत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

श्याम रोज मला लिंक पाठवतो. हा घे, तो घे, सगळे पापडासारखे. मी विचारते, रॅम वाढवता येते का, बॅटरी बदलता येते का? तो म्हणतो, कशाला बदलायची, पाच वर्षांनी नवा घेऊ. आज तेजलच्या गाळ्यावर जायचं ठरवलं तेव्हा म्हणाला, मी येतो. नको म्हटलं. तो म्हणाला, तुला फसवतील. फसवायचं ते कंपनीने आधीच फसवलंय, म्हटलं.

तो मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेला.

रविवार, ९ नोव्हेंबर

घेतला!

तेजलचा गाळा म्हणजे अरुंद बोळ. तिने पाच लॅपटॉप मांडून ठेवले होते. जो दिसायला बरा होता त्याला मी हात लावला, तर म्हणाली, "मॅडम, डोळे मिटून टाइप करा. दिवसभर बोटांना जे सोसावं लागतं ते डोळ्यांना कळत नाही." मी पाचही ठिकाणी एकच वाक्य टाइप केलं: 'माझे धडे परत द्या.' चौथ्यावर बोटं अडखळली नाहीत. काळा, जाडजूड, झाकणावर कुठल्या तरी ऑफिसचा स्टिकर खरवडल्याची खूण. मागचे सहा स्क्रू काढले की सगळं उघडतं. तिने माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि रॅम मला बसवायला लावली. टक् आवाज आला की बसली.

मग पेनड्राइव्ह लावला. वायफाय आलं. आवाज आला. कॅमेऱ्यात मी दिसले, चष्मा नाकावर, भयंकर चिडलेली. झाकण मिटून उघडलं तरी जागा झाला. मराठी कीबोर्ड आत होताच, निवडला की झालं. मग तिने खुर्ची सोडली, मला बसवलं आणि म्हणाली, आता तुम्ही टाका. भाषा विचारली, मी मराठी सांगितली. नाव विचारलं, मी दिलं. पासवर्ड टाकताना तेजल तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

अठ्ठावीस वर्षांत घरात आलेल्या कुठल्याही मशीनचा पासवर्ड मी घातला नव्हता. आज लक्षात आलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

श्याम कालपासून नाशिकला आहे, पुतण्याचा साखरपुडा. जुना लॅपटॉप त्याच्या कपाटात होता. तेजल म्हणाली होती, आणून द्या, काही सापडतं का बघते. श्यामने चारदा सांगितलं होतं, त्यात काही मिळणार नाही. मला वाटलं, मिळालं तर त्याला चकित करू.

तेजलने अर्धा तास बघितलं. फायली नाहीत, मिळणारही नाहीत. मग ती थांबली आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मॅडम, हे अपडेट नाही. अपडेटने असं होत नाही. हा रीसेट केलाय."

म्हणजे काय, विचारलं.

"सगळं पुसून नव्यासारखं करायचं. ते आपोआप होत नाही. फायली ठेवू की सगळं काढून टाकू, असं विचारतं. कोणीतरी सगळं काढून टाक असं सांगितलंय. मग परत विचारतं, खरंच का." तिने बोट ठेवलं. सिस्टिम बसवल्याची तारीख बारा ऑक्टोबर, रविवार. वेळ पाच वाजून दहा मिनिटं.

रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी मी मानखुर्दला जोडाक्षरं शिकवत होते. घरी एकच माणूस होता.

मी म्हटलं, व्हायरस असेल. ती म्हणाली, असेल. तिने मला पाणी दिलं नाही, पंखा वाढवला नाही, काही केलं नाही. त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

वर्गाला गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. मीही खोटं बोलले.

तो संध्याकाळी सातला आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. जुना लॅपटॉप टेबलावर मांडून ठेवला होता. त्याने बघितला आणि बूट न काढता खुर्चीवर बसला.

म्हणाला, स्लो झाला होता. तूच कुरकुर करत होतीस. मला वाटलं, तुझं सगळं पेनड्राइव्हवर असेल. झाल्यावर लक्षात आलं.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नसताना करून ठेवला की तुला बरं वाटेल, असं वाटलं."

"आणि नंतर? पाच आठवडे?"

तो बराच वेळ पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडवत होता. मग म्हणाला, "तू त्या कंपनीवर चिडलीस. मला वाटलं, बरं झालं. चिडू दे. कंपनीला काय फरक पडतो."

मी त्या पत्राची तीन पानं आठवली. ती लिहिताना तो बाजूच्या खोलीत होता. एका इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग मी त्याला विचारलं होतं आणि त्याने सांगितलं होतं.

चुकून पुसलं हे मी कदाचित गिळलं असतं. पण पाच आठवडे ह्या माणसाने मला भिंतीवर डोकं आपटताना बघितलं, आणि मध्ये मध्ये चहा दिला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

चार दिवसांत सहा वेळा 'सॉरी' म्हणाला. मी सांगितलं, माझी माफी मागू नकोस, मानखुर्दला येऊन त्यांना सांग. तो म्हणाला, "त्या बायकांसमोर?"

'त्या' कसं म्हणाला ते मी ऐकलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

मीच सांगितलं. कंपनी नव्हती, माझ्या नवऱ्याने पुसलं आणि लपवलं. शकुताई आल्या होत्या. तेजलने आईलासुद्धा काही सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलं ते बरं केलं. पन त्यानं सांगायला पायजे."

घरी येऊन त्याला तेच सांगितलं. शब्द न बदलता.

रविवार, ३० नोव्हेंबर

दुपारी निघताना तो दाराशी बूट घालून उभा होता. रिक्षात काळा लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. त्याने धरायला हात पुढे केला, मी दिला नाही.

विहाराच्या हॉलमध्ये चपला काढून तो उभा राहिला. ऑफिसातल्या मीटिंगसारखं 'एक तांत्रिक चूक' असं सुरू केलं. दहा जणी ऐकत होत्या. मग ते अर्धवट सोडून त्याने साधं सांगितलं: मी पुसलं, न विचारता. आणि खोटं बोललो. जयाने पंख्याखालची जागा सरकून करून दिली, पण तो उभाच होता.

शकुताईंनी विचारलं, "टायपिंग येतं का तुमाला?"

येतं, म्हणाला.

"मग बसा. लिवा."

तो माझ्या लॅपटॉपसमोर बसला. पासवर्ड मी टाकला. त्याला मराठी टाइप करायची सवय ती इंग्रजी अक्षरांनी. माझा कीबोर्ड वेगळा, कुठलं अक्षर कुठे ते त्याला माहीत नाही. बँकेत तीस वर्षं दोन्ही हातांनी टाइप करणारा माणूस एका बोटाने 'ख' शोधत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. तेजल दाराशी उभी होती, तीही हलली नाही. शकुताई त्याच्यासाठी थांबत नव्हत्या. एक वाक्य सांगायच्या, तो मागे पडला की परत तेच वाक्य, त्याच आवाजात. मला वाटत होतं त्या परत कधीच सांगणार नाहीत. बहुतेक त्यांनाही तसंच वाटत होतं. मध्ये एकदा पदर तोंडाशी नेला, पण सांगणं थांबवलं नाही.

नऊ ओळींना सव्वा तास लागला.

मग म्हणाल्या, वाचा. तो वाचत गेला. सहाव्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"परत वाचा ते."

"'कौसा दुपारी वारली.'"

"मी काय म्हनले?"

तो गोंधळला. म्हणाला, ताई, तोच अर्थ आहे, जरा बरा शब्द घातला.

"मी मेली म्हनले. मेली लिवा."

त्याने खोडलं आणि लिहिलं. 'म' सापडायला त्याला वेळ लागला. मग शकुताईंनी तेजलला बोलावलं आणि ती फाईल सगळ्यांच्या फोनवर घ्यायला लावली, माझ्याकडे न बघता. मला ते झोंबलं. माझ्या मशीनवरून, माझ्यासमोर, मला न विचारता. पण विचारायचं कोणी कोणाला, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

रिक्षात श्याम म्हणाला, झालं ना आता? मी म्हटलं, नाही. विक्रोळीला सिग्नल लागला. मग म्हणाला, झेरॉक्सचे चार सोडले तर अजून एकोणतीस राहिले, मी येईन दर रविवारी. मी ये म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. राग आहे तसाच आहे, रिक्षात आम्हा दोघांच्या मध्ये मावत नव्हता एवढा.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही, वर्गातही सांगितली नाही. फाईल पुसली गेली आहे, त्यामुळे आता कोणाला कळायचंही नाही. माझ्या एकोणिसाव्या धड्यातसुद्धा मी 'वारली'च लिहिलं होतं.